कीवर्ड पाठ करण्याआधी: सॉलिडिटीच्या शब्दांमागच्या तारखा

नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप इथे देतोय. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी बोली तशीच ठेवलीय.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्या आपला पॉडकास्ट स्वयंपाक करताना ऐकतात, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. म्हणाल्या, "दादा, मी सॉलिडिटी शिकतेय. पहिल्याच धड्यात कीवर्डांची ही एवढी यादी दिलीय. पब्लिक, प्रायव्हेट, इंटर्नल, एक्स्टर्नल, व्ह्यू, प्युअर, पेएबल. पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. कुठून सुरुवात करू?" सराव म्हणून त्यांना आपल्या बिल्डिंगमधल्या भिशीचं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायचंय. बारा जणी, महिन्याला ५ हजार, दर महिन्याला एकीला ६० हजार.

मी त्यांना तेव्हा दोन ओळींचं उत्तर पाठवलं, पण ते काही मनाला पटलं नाही. म्हणून हा भाग. माझं म्हणणं असं की ही यादी व्याकरणासारखी पाठ करायची गोष्टच नाही. त्यातल्या बऱ्याच शब्दांना जन्मतारीख आहे, आणि त्या तारखेच्या थोडं आधी कुणाचे तरी पैसे गेलेले असतात. ती तारीख कळली की शब्द विसरायला होत नाही.

थोडं मागे जाऊ. 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' हा शब्दप्रयोग निक साबो यांचा, १९९० च्या दशकातला. साबोंचं शिक्षण संगणकशास्त्रात आणि कायद्यातही झालेलं. त्यांनी दिलेलं उदाहरण होतं व्हेंडिंग मशीनचं. नाणं टाका, बाटली घ्या. करार कागदावर नाही, यंत्रातच आहे, आणि तो मोडायचा तर यंत्र फोडावं लागेल. तेव्हा हे यंत्र चालवायला जागाच नव्हती. ती मिळाली ती इथेरियममध्ये. विटालिक बुटेरिन यांनी २०१३ च्या शेवटी त्याचा आराखडा लिहिला, गॅव्हिन वुड यांनी २०१४ मध्ये त्याची तांत्रिक व्याख्या केली, आणि ३० जुलै २०१५ ला नेटवर्क सुरू झालं.

नेटवर्कसाठी भाषा हवी होती. सुरुवातीला तीन-चार उमेदवार होते. पायथनसारखी दिसणारी सर्पंट, लिस्पच्या वळणाची एलएलएल, आणि म्युटन. सॉलिडिटीची कल्पना वुड यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये मांडली आणि ती प्रत्यक्षात आणली ख्रिश्चन राइटविसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तिचं रूप मुद्दाम जावास्क्रिप्टच्या जवळचं ठेवलं, म्हणजे वेबवर काम करणाऱ्या माणसाला ती परकी वाटू नये. ही युक्ती चालली. लोक आले, बाकीच्या भाषा मागे पडल्या.

पण माझ्या मते पुढच्या पाच वर्षांतल्या निम्म्या दुखण्याचं मूळ इथेच आहे. दिसायला ओळखीची भाषा, आणि खाली चालणारं यंत्र मात्र अगदी अनोळखी. वेबसाइटमध्ये चूक झाली तर रात्री दुरुस्त करून टाकता येते. इथे कॉन्ट्रॅक्ट एकदा नेटवर्कवर चढलं की त्यातलं अक्षर बदलत नाही. प्रत्येक पायरीला 'गॅस' लागतो, म्हणजे काम करून घ्यायची मजुरी. आणि त्या प्रोग्रॅमच्या पोटात खरे पैसे असतात.

भिशीच्या भाषेत मूळ शब्द सांगतो. 'कॉन्ट्रॅक्ट' म्हणजे भिशीची पेटी आणि तिचे नियम, एकत्र. 'अॅड्रेस' म्हणजे सभासदाचं खातं. 'मॅपिंग' म्हणजे कुणाच्या नावावर किती जमा, ती खतावणी. 'युइंट' म्हणजे ऋण नसलेला पूर्णांक. 'इव्हेंट' म्हणजे ग्रुपवर टाकलेला "सुनंदाताईंचे ५ हजार जमा" असा मेसेज. हे शब्द सुरुवातीपासून आहेत आणि त्यांनी कुणाचा घात केला नाही. पुढे जाऊ.

पैसे देण्याचे शब्द

फेब्रुवारी २०१६. इथेरियमवर एक खेळ होता, 'किंग ऑफ द ईथर थ्रोन' नावाचा. पैसे भरा आणि सिंहासनावर बसा. पुढचा माणूस तुमच्यापेक्षा जास्त भरून तुम्हाला उठवेल, आणि त्याच्या रकमेतून तुम्हाला भरपाई मिळेल. पोरखेळ. पण झालं काय की काही पदच्युत राजांना भरपाई पोचलीच नाही. कॉन्ट्रॅक्ट पैसे पाठवायला 'सेंड' वापरत होतं. 'सेंड' सोबत फक्त २३०० एकक गॅस जातो. घेणारा साधं खातं असेल तर चालतं. पण घेणाराच एखादं वॉलेट-कॉन्ट्रॅक्ट असेल तर त्याला आपल्या वहीत नोंद करायला तेवढा गॅस पुरत नाही. मग 'सेंड' फसतो. आणि फसतो तो गुपचूप! नुसतं 'असत्य' असं उत्तर देतो. ते उत्तर कॉन्ट्रॅक्टने पाहिलंच नाही आणि पुढे चालू लागलं.

खेळ चालवणाऱ्यांनी काय चुकलं ते स्वतःच सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं. ही प्रथा मला फार आवडते. आपल्याकडे भिशी बुडली की माणूस गाव सोडतो.

मग आला 'द डीएओ'. एप्रिल २०१६ च्या अखेरीस याची वर्गणी सुरू झाली आणि महिनाभरात सुमारे १५ कोटी डॉलरचं ईथर जमलं. व्यवस्थापक नाही, संचालक मंडळ नाही. सभासद मतं देतील आणि कोड पैसे गुंतवेल. सगळ्या जगातून माणसं सामील झाली.

यातली चूक काय होती, ते नीट समजून घ्या, कारण सॉलिडिटी शिकताना हा एकच प्रसंग पक्का कळला तरी बरंच काम झालं. समजा पतसंस्थेच्या खिडकीवर एक रोखपाल बसलाय. त्याची सवय अशी की आधी पैसे हातात द्यायचे आणि मग खतावणीत लिहायचं. तुमच्या नावावर १०० रुपये आहेत. तुम्ही मागितले, त्याने दिले. तो पेन उचलायच्या आत तुम्ही पुन्हा म्हणालात, "माझे १०० द्या." तो खतावणीत बघतो, अजून १०० दिसतात, देतो. पुन्हा मागा, पुन्हा देतो. गल्ला रिकामा होईपर्यंत त्याला लिहायची उसंतच मिळत नाही. प्रत्यक्षातला रोखपाल तिसऱ्या वेळी कानाखाली देईल. कोड देत नाही.

डीएओचं कॉन्ट्रॅक्ट पैसे देताना 'कॉल' वापरत होतं, आणि 'कॉल' सोबत हातातला सगळा गॅस जातो. म्हणजे पैसे घेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला उलट फोन लावायला भरपूर मजुरी मिळाली. याला पुनर्प्रवेशाचा हल्ला म्हणतात. आणि हा दोष कुणाला माहीत नव्हता असं नाही! १० जून २०१६ ला राइटविसनर यांनीच इथेरियमच्या ब्लॉगवर अशा धोक्यांबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर दोनच दिवसांनी डीएओशी संबंधित मंडळींनी सांगितलं की आपल्या पैशांना धोका नाही. १७ जूनला गल्ला वाहू लागला. सुमारे ३६ लाख ईथर बाहेर गेलं.

डीएओच्याच एका नियमामुळे ते पैसे चोराला काही आठवडे हलवता येणार नव्हते. तेवढ्या मुदतीत सगळ्या इथेरियमने वाद घातला. कोड हाच करार म्हणायचं, तर चोराने करार मोडला कुठे? की लोकांचे पैसे परत करायचे? २० जुलै २०१६ ला नेटवर्कचा इतिहासच वळवला गेला आणि पैसे परत घ्यायची सोय झाली. ज्यांना हे मान्य नव्हतं ते जुन्या साखळीवर राहिले; ती आजही इथेरियम क्लासिक या नावाने चालू आहे. एका फंक्शनमधल्या ओळींचा क्रम चुकला आणि घराची वाटणी झाली.

आता शब्द बघा. ८ सप्टेंबर २०१६ ला सॉलिडिटीची ०.४.० आवृत्ती आली, त्यात 'पेएबल' आला. त्याआधी कुठलंही फंक्शन पैसे स्वीकारत असे. चुकून भलत्या फंक्शनला ईथर पाठवलं की ते आत जाऊन बसायचं, आणि बाहेर काढायची वाट नसेल तर कायमचं. आता ज्या फंक्शनवर 'पेएबल' लिहिलंय तेच पैसे घेतं, बाकीची परत पाठवतात. ताईंच्या भिशीत 'हप्ता भरा' या फंक्शनवर हा शब्द हवा, 'सभासदांची यादी दाखवा' यावर नको.

मार्च २०१७ मध्ये ०.४.१० आली आणि तिने चार शब्द एकदम दिले. 'ट्रान्सफर', म्हणजे 'सेंड'च, पण फसला तर गप्प न बसता सगळा व्यवहार उलटवणारा. सिंहासनवाल्या राजांना तेव्हा हा मिळाला असता तर निदान गडबड तिथल्या तिथे कळली असती. (खेळ अडकून पडला असता, तो वेगळा त्रास.) बाकीचे तीन म्हणजे 'रिक्वायर', 'असर्ट' आणि 'रिव्हर्ट'. त्याआधी काही बिनसलं की एकच शब्द होता, 'थ्रो'. तो व्यवहार रद्द करायचा आणि उरलेला सगळा गॅसही खाऊन टाकायचा. रिक्षा मध्येच बंद पडली तरी पूर्ण भाडं घ्यायची, तसं. 'रिव्हर्ट' उरलेला गॅस परत देतो, मात्र त्यासाठी नेटवर्कमध्येच बदल लागला. तो ऑक्टोबर २०१७ मध्ये झाला.

'रिक्वायर' आणि 'असर्ट' यांत नवशिक्यांचा फार गोंधळ होतो. 'रिक्वायर' समोरच्याची चूक पकडतो: हप्ता ५ हजारच हवा, ४ हजार चालणार नाहीत. 'असर्ट' तुमची स्वतःची चूक पकडतो: जमा वजा वाटप म्हणजे शिल्लक, हे जुळलंच पाहिजे, नाही जुळलं तर कोड लिहिणाऱ्याचं चुकलंय.

मालक कोण?

२०१६ मधलीच आणखी एक गोष्ट, छोटी पण चटकदार. त्या काळी कॉन्ट्रॅक्टचं जे नाव, त्याच नावाचं फंक्शन हे 'कन्स्ट्रक्टर' समजलं जाई. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट चढवताना एकदाच चालणारं, मालक कोण ते ठरवणारं. एका योजनेचं कॉन्ट्रॅक्ट 'डायनॅमिकपिरॅमिड' या नावाने लिहिलं होतं. (नावात सगळं आलंच.) पुढे कुणीतरी नाव बदलून 'रुबिक्सी' केलं, पण आतल्या फंक्शनचं नाव बदलायचं राहून गेलं. झालं! ते आता कन्स्ट्रक्टर उरलं नाही, साधं फंक्शन झालं, कुणीही चालवावं असं. जो चालवेल तो मालक. पाटी बदलली आणि दुकानाची किल्ली रस्त्यावर पडली.

एप्रिल २०१८ मध्ये ०.४.२२ या आवृत्तीत 'कन्स्ट्रक्टर' हा स्वतंत्र कीवर्ड आला. आता कॉन्ट्रॅक्टला काहीही नाव द्या.

यापेक्षा फार मोठं प्रकरण पॅरिटीचं. पॅरिटी ही गॅव्हिन वुड यांनी सहसंस्थापक म्हणून उभी केलेली कंपनी, आणि तिच्या सामाईक वॉलेटचा मूळ कोडही वुड यांच्याच हातचा. म्हणजे ज्यांनी भाषा सुचवली त्यांच्याच घरातली गोष्ट आहे. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. उलट नवशिक्याने लक्षात ठेवावं म्हणून सांगतो: भाषेच्या जन्मदात्यांनाही तिच्या मुकाट गृहीतकांनी चकवलं.

वॉलेटची रचना अशी होती की खरा कोड एका सामाईक 'लायब्ररी' कॉन्ट्रॅक्टमध्ये, आणि प्रत्येकाचं वॉलेट अगदी हलकं. वॉलेटला न कळणारी कुठलीही विनंती आली की ते 'डेलिगेटकॉल' करून लायब्ररीकडे द्यायचं. 'डेलिगेटकॉल' म्हणजे अक्कल दुसऱ्याची, वही आपली. त्या लायब्ररीत मालक ठरवणारं एक फंक्शन होतं, आणि त्यावर 'पब्लिक', 'प्रायव्हेट', काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या काळी काही लिहिलं नाही तर भाषा ते 'पब्लिक' समजायची. १९ जुलै २०१७ ला कुणीतरी ते फंक्शन बाहेरून चालवलं, स्वतःला मालक केलं आणि तीन वॉलेटांतून १,५३,०३७ ईथर नेलं. तेव्हाचे सुमारे ३ कोटी डॉलर. बाकीच्या वॉलेटांत आणखी कितीतरी होतं. ते भल्या हॅकरांच्या एका गटाने त्याच खिंडारातून आधीच काढून घेतलं आणि पुढे मालकांना परत केलं.

दुरुस्त लायब्ररी लगेच दुसऱ्या दिवशी चढली. पण ती लायब्ररी स्वतःही एक कॉन्ट्रॅक्टच होती, आणि तिचा मालक ठरवायचा राहिला होता. ६ नोव्हेंबर २०१७ ला टोपणनावाने वावरणाऱ्या एकाने तिचं मालकपद घेतलं आणि तिचं 'किल' फंक्शन चालवलं. लायब्ररी नाहीशी. तिच्यावर विसंबलेली ५८७ वॉलेटं, त्यांत ५,१३,७७४ ईथर, सगळं जागच्या जागी गोठलं. चोरी नाही, कुणाच्या हाती काही लागलं नाही. तिजोरी समोर दिसते आणि कुलूप उघडायची यंत्रणाच जगात उरलेली नाही. ज्याने हे केलं त्याने स्वतःच पॅरिटीच्या गिटहबवर येऊन आपल्याकडून चुकून असं झाल्याचं कळवलं. ते ईथर मोकळं करायचा प्रस्ताव २०१८ मध्ये आला, पण मान्य झाला नाही. डीएओच्या वेळी फुटलेल्या घराला पुन्हा त्या वाटेने जायचं नव्हतं.

त्या 'किल'च्या आत जो शब्द होता तो 'सुइसाइड'. आत्महत्या. कॉन्ट्रॅक्टने स्वतःला पुसून टाकायचा हा मूळ आदेश. नोव्हेंबर २०१५ मध्येच हडसन जेमसन यांनी सुचवलं होतं की हा शब्द बदला. घरात असं दुःख झालेल्या किंवा नैराश्यातून जाणाऱ्या माणसाला रोज कोड लिहिताना हा शब्द का दिसावा? त्यातून 'सेल्फडिस्ट्रक्ट' आला. म्हणजे या यादीतला निदान एक शब्द पैशापायी नाही, माणसापायी बदलला. जुना शब्द मात्र बरीच वर्षं चालत राहिला, आणि पॅरिटीच्या लायब्ररीत तोच होता.

दिवाळीनंतरची साफसफाई

२०१८ साली लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं. १३ नोव्हेंबरला सॉलिडिटीची ०.५.० आली. आपल्याकडे सफाई दिवाळीआधी करतात, यांनी नंतर केली. पण केली मात्र माळ्यावरचं सगळं खाली काढून.

'थ्रो' गेला. 'सुइसाइड' गेला. जुन्या पद्धतीचा कन्स्ट्रक्टर गेला. आणि फंक्शन कुणाला दिसावं ते लिहिणं सक्तीचं झालं. 'पब्लिक', म्हणजे आतून बाहेरून कुणीही. 'एक्स्टर्नल', फक्त बाहेरून. 'इंटर्नल', आपण आणि आपल्यावरून बेतलेली कॉन्ट्रॅक्टं. 'प्रायव्हेट', फक्त आपण. ही सक्ती आधी असती तर पॅरिटीची पहिली चोरी टळली असती का? सांगता येत नाही. माणूस घाईत 'पब्लिक' लिहून मोकळा होऊ शकतो. पण त्याला ते हाताने लिहावं लागलं असतं, आणि तपासणाऱ्याच्या डोळ्याला ते दिसलं असतं. न लिहिलेला शब्द कुणाला दिसत नाही.

इथे एक सावधगिरी. 'प्रायव्हेट'चा अर्थ गुप्त असा नाही! दुसरं कॉन्ट्रॅक्ट ते वाचू शकत नाही, एवढंच. साखळीवरची सगळी माहिती कुणालाही पाहता येते. भिशीची चिठ्ठी 'प्रायव्हेट'मध्ये लपवली म्हणून लपत नाही.

त्याच आवृत्तीत डेटा कुठे ठेवायचा तेही लिहिणं भाग पडलं. 'स्टोरेज' म्हणजे खतावणी, कायमची आणि महाग. 'मेमरी' म्हणजे आकडेमोडीची पाटी, काम झालं की पुसली. 'कॉलडेटा' म्हणजे समोरच्याने भरून दिलेली स्लिप. वाचा, पण त्यावर खाडाखोड करू नका. पूर्वी यातलं काहीच लिहिलं नाही तर काही प्रकारची चलं आपोआप 'स्टोरेज' धरली जात आणि थेट खतावणीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवत. तिथे बहुधा मालकाचं नाव असे. तुम्हाला वाटायचं पाटीवर लिहितोय, आणि लिहिलं जायचं मालकाच्या नावावर. काही भामट्यांनी हा दोष वापरून मुद्दाम भोळी दिसणारी कॉन्ट्रॅक्टं बांधली, मधाचं बोट लावून लुबाडायला.

'व्हार' गेला, कारण 'व्हार आय बरोबर ०' असं लिहिलं की भाषा सगळ्यात लहान खोका निवडायची, ज्यात २५५ पर्यंतच आकडा मावतो. यादीत २५५ पेक्षा जास्त नावं असली की मोजणी कधी संपायचीच नाही. 'इयर्स' गेला, कारण तो वर्ष म्हणजे ३६५ दिवस धरायचा आणि लीप वर्ष कुणी चुकवलंय? फंक्शनवरचा 'कॉन्स्टंट'ही गेला. त्याच्या जागी आधीच, ऑगस्ट २०१७ मध्ये, दोन शब्द आले होते. 'व्ह्यू' म्हणजे वही वाचेन पण लिहिणार नाही. 'प्युअर' म्हणजे वहीकडे बघणारही नाही, दिलेल्या आकड्यांवर हिशोब करून देईन. जुना 'कॉन्स्टंट' नुसतं वचन होतं, भाषा ते पाळायला लावत नव्हती.

आणि २०२० च्या ०.७.० मध्ये एक गंमत झाली. ईथरच्या सुट्ट्या नाण्यांना माणसांची नावं होती, आणि ती नावं भाषेत कीवर्ड म्हणून होती: वेई डाय यांच्यावरून 'वेई', हॅल फिनी यांच्यावरून 'फिनी', आणि आपले व्हेंडिंग मशीनवाले निक साबो यांच्यावरून 'साबो'. 'फिनी' आणि 'साबो' काढून टाकले. कुणी फारसं वापरत नाही आणि आकडा चटकन कळत नाही, हे कारण. ज्यांनी 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' हा शब्द दिला त्यांचंच नाव भाषेतून गेलं. मला थोडं वाईट वाटलं, पण निर्णय बरोबर होता.

मीटर फिरून शून्यावर

जुन्या स्कूटरचं मीटर आठवतंय? ९९९९९ झालं की पुन्हा ०००००. सॉलिडिटीचे पूर्णांकही असेच फिरायचे, फक्त त्यांचं मीटर २ च्या २५६ व्या घातापर्यंत जातं, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं, तिथवर कोण पोचतंय!

२२ एप्रिल २०१८. 'ब्यूटीचेन' नावाचं टोकन. एकाच वेळी अनेकांना सारखी रक्कम पाठवायचं फंक्शन. एकूण रक्कम म्हणजे माणसं गुणिले प्रत्येकी रक्कम. कुणीतरी माणसं दिली २ आणि रक्कम दिली २ चा २५५ वा घात. गुणाकार झाला बरोबर २ चा २५६ वा घात, म्हणजे मीटर फिरून शून्य. पुढे 'रिक्वायर' होता, चोख: पाठवणाऱ्याकडे एकूण रकमेइतकी शिल्लक हवी. एकूण रक्कम शून्य. शिल्लक पुरेशी! पाठवणाऱ्याच्या खात्यातून शून्य वजा झालं आणि दोघांच्या खात्यात आकाशाएवढे आकडे जमा झाले. टोकनची किंमत कोसळली.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. असे अपघात टाळायला तेव्हा 'सेफमॅथ' नावाचं संरक्षक गणित होतं. त्याच फंक्शनमधल्या बेरीज-वजाबाकीला ते लावलेलंही होतं. नेमक्या त्या गुणाकाराला नव्हतं. माणसाने प्रत्येक वेळी आठवण ठेवायची, ही व्यवस्था कधीतरी चुकणारच.

म्हणून १६ डिसेंबर २०२० ला आलेल्या ०.८.० मध्ये नियम उलटा केला. आता मीटर फिरायला लागलं की व्यवहार आपोआप उलटतो. तपासणी नको असेल, गॅस वाचवायचा असेल, तर तसं लिहा: 'अनचेक्ड'. जिथे हा शब्द दिसेल तिथे थांबून वाचा, कारण लिहिणाऱ्याने तिथे जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतलीय. माझ्या मते सॉलिडिटीच्या सगळ्या सुधारणांत ही सगळ्यात शहाणी.

औषधाचीही मुदत संपते

आता कुणाला वाटेल, चुका झाल्या, शब्द आले, विषय संपला. तसं नाही. 'ट्रान्सफर' आठवतोय ना? २०१७ चं औषध. त्याची सुरक्षितता २३०० गॅसवर उभी होती. डिसेंबर २०१९ मध्ये नेटवर्कने काही कामांची मजुरी वाढवली. खतावणी वाचायची मजुरी २०० वरून ८०० झाली. काल २३०० मध्ये जे काम व्हायचं ते काही ठिकाणी होईनासं झालं. आज जाणती मंडळी 'ट्रान्सफर' टाळा म्हणतात आणि पुन्हा 'कॉल' वापरायला सांगतात, अर्थात आधी खतावणीत लिहून आणि दाराला कडी लावून. डीएओ बुडवणारा शब्द परत आला, फक्त क्रम सुधारून.

त्या कडीचीही एक गोष्ट. सॉलिडिटीला पर्याय म्हणून वायपर नावाची भाषा आहे, मुद्दाम कमी शब्दांची. तिच्यात पुनर्प्रवेश रोखायची कडी भाषेतच मिळते, 'नॉनरीएंट्रंट' लिहिलं की झालं. ३० जुलै २०२३ ला वायपरमध्ये लिहिलेल्या 'कर्व्ह'च्या काही साठ्यांवर पुनर्प्रवेशाचाच हल्ला झाला आणि कोट्यवधी डॉलर गेले. कॉन्ट्रॅक्ट लिहिणाऱ्यांनी शब्द बरोबर लिहिला होता. पण वायपरच्या तीन जुन्या आवृत्त्यांत कंपायलर प्रत्येक दाराला वेगळी कडी लावत होता. पुढचं दार बंद असताना मागच्या दाराने आत जाता येत होतं. यात लिहिणाऱ्याला काय दोष देणार?

आणि 'सेल्फडिस्ट्रक्ट'. १३ मार्च २०२४ च्या बदलानंतर हा शब्द जुन्या कॉन्ट्रॅक्टचा कोड पुसत नाही, फक्त त्यातलं ईथर दुसरीकडे पाठवतो. पॅरिटीची लायब्ररी आज तशी मारता आली नसती. सहा वर्षांहून जास्त उशीर.

तर ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. यादी वरून खाली पाठ करू नका. भिशीचं कॉन्ट्रॅक्ट लिहायला घ्या आणि शब्द लागेल तसा घ्या. आधी 'मॅपिंग' आणि 'अॅड्रेस'. मग 'हप्ता भरा', तिथे 'पेएबल' आणि 'रिक्वायर'. मग 'रक्कम उचला', आणि इथे दोन दिवस थांबा. आधी खतावणीत "या महिन्याची रक्कम दिली" असं लिहा, मग पैसे सोडा. मुद्दाम क्रम उलटा करून स्वतःच स्वतःच्या भिशीवर दरोडा घालून बघा. भिशीचे पैसे कसे पुन्हा पुन्हा जातात ते एकदा पडद्यावर पाहिलं की डीएओ समजावून सांगावं लागणार नाही.

हे सगळं सरावाच्या नेटवर्कवर बरं का, खऱ्या पैशाने नाही. आणि त्यातही एक अडचण येईल. जुने व्हिडिओ तुम्हाला सांगतील, "मुंबईवर डिप्लॉय करा." २०१७ मध्ये मुंबईत मॅटिक नावाने सुरू झालेल्या पॉलिगॉनच्या सराव-नेटवर्कचं नाव 'मुंबई' होतं. कितीतरी शिकणाऱ्यांचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट तिथे चढलं. एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झालं, आता 'अमॉय' आहे. व्हिडिओ चुकीचा नाही, जुना आहे.

तसंच कोडचंही. कुठलीही फाइल उघडली की वर 'प्राग्मा सॉलिडिटी' अशी ओळ दिसेल आणि पुढे आवृत्तीचा आकडा. ही ओळसुद्धा ०.४.० पासूनची, 'पेएबल'च्या जोडीची. आकडा ०.८ च्या खाली असेल तर गणिताकडे बघा. ०.५ च्या खाली असेल तर ज्या फंक्शनवर काहीच लिहिलेलं नाही ते आधी शोधा. बाकी कोड नंतर वाचा.

तुमची 'रक्कम उचला' लिहून झाली की पाठवा, ताई. पुढच्या भागात आपण ती सगळ्यांसमोर वाचू, चालेल ना?